सोसायटीत पार्वो आलाय आणि घरी पिल्लू यायचंय : फरशी, लस, बाहेर नेणं, नेमकं काय करायचं?

सिंहगडरोडकर

नमस्कार मंडळी. धायरीत तळमजल्यावर फ्लॅट आहे. पार्किंगमध्ये एका भटक्या कुत्रीची पिल्लं आहेत, साधारण दोन महिन्यांची. त्यातली दोन रक्ताचे जुलाब होऊन गेली. तिसऱ्याची किटवर तपासणी केली तर पार्वो (कुत्र्यांच्या आतड्यावर हल्ला करणारा जीवघेणा विषाणू) निघाला, ते सध्या सलाईनवर आहे. दोन अजून धडधाकट दिसतायत.

महिनाअखेरीस आमच्याकडे लॅब्राडोरचं पिल्लू येणार आहे. तेव्हा ते आठ आठवड्यांचं असेल. ब्रीडर ‘एक इंजेक्शन झालंय’ एवढंच सांगतो. पार्किंग आणि जिना रोज फिनेलने पुसतात, त्यामुळे काळजीचं कारण नाही असं सोसायटीत सगळ्यांचं मत आहे. मला ते पटत नाहीये.

पिल्लू आणणं पुढे ढकलावं का? फरशी कशाने आणि किती प्रमाणात धुवायची? लसी किती, कधी? खाली उरलेल्या दोघांसाठी काय करता येईल? घरात मांजर आहे, शेजारी लहान मुलं आहेत, त्यांना यातून काही होतं का?

कर्वेनगर_फोस्टर

आधी फिनेलचं बोलू, कारण सगळा घोळ तिथेच होतो. फिनेलने पार्वो मरत नाही. डेटॉलने मरत नाही, हाताला लावायच्या सॅनिटायझरने मरत नाही, लिंबाच्या वासाच्या फ्लोअर क्लीनरनेही नाही. या विषाणूला बाहेरून स्निग्ध आवरण नसतं. साबण, अल्कोहोल आणि घरातली बहुतेक जंतुनाशकं त्या आवरणावरच घाव घालतात. जिथे आवरणच नाही तिथे त्यांचा काही उपयोग होत नाही. सावलीतल्या ओलसर कोपऱ्यात हा विषाणू महिनोन्‌महिने तग धरतो.

आणि फिनेलचा पोछा कसा फिरतो ते एकदा उभं राहून बघा. एकच बादली, एकच पोछा, सुरुवात पार्किंगपासून आणि शेवट वरच्या मजल्यावर. पार्किंगमधल्या विष्ठेचा अंश प्रत्येक दारापुढच्या लादीवर पातळ थराने सारवला जातो. आजच्या आज हे थांबवा. पार्किंगचा झाडू, पोछा आणि बादली वेगळी करा, त्यांना लाल रंग लावून ठेवा, म्हणजे बदली माणूस आला तरी चूक होणार नाही. जिना आधी, पार्किंग शेवटी.

चालतं ते क्लोरीन. साफसफाईचं सामान घाऊक विकणाऱ्या दुकानात ५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट कॅनमध्ये मिळतं. एका भागाला तीस भाग पाणी, म्हणजे ५ लिटरच्या बादलीत साधारण १६५ मिली. कपडे पांढरे करायचं ब्लीच वापरणार असाल तर ते बहुधा थोडं सौम्य असतं, २०० मिली घ्या. हेही नसेल तर ब्लीचिंग पावडर : ताज्या पुडीतली ३० ग्रॅम ५ लिटर पाण्यात कालवा, चोथा खाली बसू द्या, वरचं निवळ पाणी वापरा. पुडी उघडी राहून जुनी झाली असेल, तिला उग्र वास येत नसेल, तर ती फेकून द्या. तिच्यातला क्लोरीन केव्हाच उडालेला असतो.

बहुतेकांचं चुकतं ते क्रमात. विष्ठेवर किंवा उलटीवर थेट ब्लीच ओतलं की ते त्या घाणीतच खर्ची पडतं आणि विषाणू तसाच राहतो. घाण आधी कागदाने उचला. मग कपडे धुवायची पावडर आणि ब्रशने लादी घासा, फटींमधून विशेष. साबण पूर्ण धुऊन काढा. त्यानंतर क्लोरीनचं पाणी टाका आणि लादी दहा मिनिटं ओली राहू द्या. एप्रिल-मेच्या दुपारी पुण्यात ती तीन मिनिटांत वाळते, म्हणून हे काम सकाळी करा किंवा मधे पुन्हा शिंपडा. शेवटी साध्या पाण्याने धुवा, नाहीतर पिल्लांचे पंजे आणि नाक चुरचुरतं. द्रावण रोज नवं करा, उरलेलं उद्यासाठी ठेवू नका.

क्लोरीनमध्ये फिनेल, टॉयलेटचं ॲसिड किंवा आणखी कुठलंही क्लीनर मिसळू नका. ॲसिडबरोबर त्यातून विषारी वायू निघतो आणि बंदिस्त पार्किंगमध्ये तो जीवघेणा ठरू शकतो. साफ करणाऱ्या मावशींना हातमोजे द्या आणि हे नीट समजावून सांगा. नुसती चिठ्ठी लावून भागत नाही. संगमरवरावर क्लोरीनचे डाग पडतात. क्लोरीन नको असेल अशा इतर लाद्यांवर पोटॅशियम पेरॉक्सिमोनोसल्फेटची पावडर (व्हर्कॉन एस) १ टक्का, म्हणजे लिटरला १० ग्रॅम, हा पर्याय बघा; संगमरवरावर मात्र हीही नको, तिचं द्रावण आम्लधर्मी असतं. आधी एखाद्या कोपऱ्यावर लावून पाहा. ही पोल्ट्रीच्या औषधांच्या दुकानात मिळते आणि थोडीफार घाण असली तरी क्लोरीनपेक्षा जास्त टिकाव धरते.

मातीचं मात्र काही करता येत नाही. बागेच्या वाफ्यात ब्लीच ओतून झाडं मरतील, विषाणू राहील. विष्ठा असलेली वरची माती उचलून टाका, ऊन पडेल इतकी झुडपं छाटा आणि तो भाग नव्या पिल्लासाठी किमान सहा महिने बंद समजा.

उचललेल्या घाणीच्या पिशव्या ओल्या कचऱ्यात टाकू नका. दुहेरी पिशवीत बांधून, वर कागद गुंडाळून, लाल खूण करून वेगळ्या द्या. ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई कचरा हाताने वेगळा करतात आणि वस्तीवर त्यांच्या दाराशीही कुत्री-पिल्लं असतातच.

पिल्लाबद्दल माझं मत : तीन-चार आठवडे थांबा. तेवढ्यात दुसरा डोस होऊन जाईल.

हडपसरचा_व्हेट

स्वच्छतेबद्दल वर लिहिलंय ते बरोबर आहे. थांबण्याबद्दल मी थोडं वेगळं सांगेन. ब्रीडरकडे एकाच वेळी तीन-चार वेतांची पिल्लं असतील आणि बाहेरची कुत्री ये-जा करत असतील, तर तिथे ठेवणं तुमच्या फ्लॅटपेक्षा जास्त धोक्याचं. तुमच्या घरात पार्वोचं कुत्रं आलेलं नाही, आजार पार्किंगमध्ये आहे. उंबऱ्याबाहेरच्या चपला बाहेरच राहिल्या, घरात वेगळ्या चपला वापरल्या आणि पिल्लू गाडीतून थेट कडेवर घरात आलं, तर आणायला हरकत नाही. ब्रीडरकडे एकच वेत आहे, आईच्या लसी वेळेवर झाल्यात आणि तो दुसरा डोस देऊन पाठवायला तयार आहे असं असेल, तर मात्र थांबलेलं चांगलं.

आता लस. ‘किती डोस’ हा प्रश्न सगळे विचारतात, पण शेवटचा डोस कितव्या आठवड्यात झाला हे जास्त महत्त्वाचं. पिल्लाला आईच्या पहिल्या दुधातून, चिकातून, प्रतिपिंडं मिळतात. साधारण दर नऊ-दहा दिवसांनी त्यांची पातळी निम्म्यावर येते. पातळी जास्त असताना दिलेली लस ती प्रतिपिंडंच निकामी करतात. पुढे दोनेक आठवडे असे येतात की पातळी रोग अडवायला अपुरी असते, पण लस हाणून पाडायला पुरेशी असते. हा काळ एका पिल्लात आठव्या आठवड्यात येतो, त्याच्याच भावात तेराव्यात. म्हणून डोस परत परत द्यावे लागतात. पहिल्या डोसाची ताकद कमी म्हणून नव्हे, तर कुठला डोस लागू पडेल ते बाहेरून कळत नाही म्हणून.

तर वेळापत्रक असं : सहा आठवड्यांना पपी डीपी (लहान पिल्लांसाठीची डिस्टेंपर आणि पार्वोची लस). मग आठ-नऊ आठवड्यांना डीएचपीपीआय (डिस्टेंपर, कावीळ, पार्वो, पॅराइन्फ्लुएन्झा) आणि तीच लस दर तीन-चार आठवड्यांनी, शेवटचा डोस सोळा आठवडे पूर्ण झाल्यावर. तुमच्यासारख्या ठिकाणी मी अंतर तीनचं ठेवेन, चारचं नाही. दोन आठवड्यांच्या आत मात्र पुन्हा देऊ नये. लेप्टोचे दोन डोस आठ-नऊ आठवड्यांनंतर, पावसाळ्याआधी पूर्ण झालेले बरे. रेबीजची तिसऱ्या महिन्यानंतर. सोळा आठवड्यांनंतरचा पुढचा डीएचपीपीआय वर्षाने देण्याची पद्धत आहे, पण जागतिक पातळीवरच्या मार्गदर्शक सूचना आता तो सहा महिन्यांच्या सुमारास द्यायला सांगतात. सोळाव्याचा डोसही वाया गेलाच असेल, तर पिल्लाला वर्षभर उघडं का ठेवायचं?

बारा आठवड्यांना ‘कोर्स पूर्ण’ असा शिक्का मारलेली कार्डं खूप दिसतात. त्यातल्या काही पिल्लांना चार-पाच महिन्यांत पार्वो होतो आणि दोष लसीच्या कंपनीवर जातो. रॉटवायलर, डॉबरमन आणि जर्मन शेफर्ड यांच्या बाबतीत तर अजिबात ढिलाई करू नका, या जातींत आजार जास्त दिसतो.

लस २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. दुकानातून स्वतः आणणार असाल तर थर्मासमध्ये बर्फाची पिशवी टाका, पण कुपी बर्फाला चिकटू देऊ नका. गोठली की रेबीज-लेप्टोची लस खराब होते. पावडर आणि द्रव एकत्र केल्यावर अर्ध्या तासात टोचायची. पूर्ण १ मिली, चिवावाला तेवढीच आणि ग्रेट डेनला तेवढीच. ‘लहान जीव आहे, अर्धी देऊ’ हे चालत नाही. अंगात ताप किंवा जुलाब असताना लस नको.

माणसांना कुत्र्याचा पार्वो होत नाही. मुलांमध्ये दिसणारा पार्वो बी-१९ हा वेगळाच विषाणू आहे. मांजराला मात्र सध्याचे प्रकार (२ए, २बी, २सी) लागू शकतात. तिची थ्री-इन-वन लस झाली असेल तर काळजी नको. नसेल तर याच आठवड्यात द्या. आणि घरात फिनेल वापरत असाल तर मांजरासाठी तेही थांबवा. ती पंजे चाटते आणि फिनॉल तिच्या यकृताला झेपत नाही.

कर्वेनगर_फोस्टर

डॉक्टर, ब्रीडरच्या जागेचा मुद्दा मान्य. मग गावाबाहेरच्या एकाच वेताच्या घरातून येणार असेल तरच थांबा असं म्हणू.

खालच्या दोन पिल्लांबद्दल : ‘आता लागण होऊन गेली असेल, लस कशाला’ असं म्हणून सोडू नका. लागण झालीच असेल तर लसीने ती थांबणार नाही, पण झाली नसेल तर जिवंत विषाणूची लस तीन ते पाच दिवसांत संरक्षण द्यायला लागते. डॉक्टरांना पार्किंगमध्ये बोलवा. पिल्लांना दवाखान्यात नेऊन तिथल्या फरशीवर ठेवायला नको. आधी ताप बघा, खातायत-खेळतायत ना ते बघा, मग टोचा. डोस दर दोन-तीन आठवड्यांनी, अठरा-वीस आठवड्यांपर्यंत, कारण भटक्या कुत्रीच्या प्रतिपिंडांचा कुणालाच अंदाज नसतो. जंताचं औषधही त्याच वेळी : पिल्लांना दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरा दिवसांनी, दोन महिन्यांनंतर दर महिन्याला, सहा महिन्यांपर्यंत. पोटात जंत असले की आतड्याची आधीच नासाडी झालेली असते आणि पार्वो तिथे दुप्पट जोरात उसळतो.

सलाईनवर असलेलं पिल्लू बरं होऊन आलं तर त्याला लगेच या दोघांत सोडू नका. बरं झाल्यावरही दोनेक आठवडे विष्ठेतून विषाणू पडत राहतो. आधी अंघोळ घाला, शेपटीखालचे आणि मागच्या पायांचे केस नीट धुवा, तिथेच सगळं चिकटलेलं असतं.

वेताळटेकडी_वॉकर्स

चौथ्या महिन्यापर्यंत पिल्लाला चार भिंतींत कोंडून ठेवायचा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धाच बरोबर आहे. पिल्लाच्या डोक्यात ‘जग सुरक्षित आहे’ हे बसतं ते साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात. तो काळ बंद खोलीत गेला तर पुढे तेच कुत्रं रिक्षाला, फटाक्यांना, हेल्मेट घातलेल्या माणसाला भुंकत सुटतं आणि शेवटी कुणीतरी त्याला सोडून देतं.

पाय जमिनीला लागू न देता बाहेर न्या. कडेवर किंवा खांद्याच्या पिशवीत, सिंहगड रोडच्या कडेला दहा मिनिटं उभं राहा, भाजीवाल्यांची हाक ऐकू द्या, पीएमपीची बस जाताना बघू द्या. ज्यांच्या मोठ्या कुत्र्याच्या लसी पूर्ण आहेत आणि जिथे गेल्या वर्षभरात पार्वो झालेला नाही, अशा घरात फरशीवर खेळायला सोडायला हरकत नाही, पहिल्या डोसानंतर आठवडाभराने. टेकडी, नदीपात्र, सोसायटीचं लॉन, कुत्र्यांच्या बागा या सगळ्या जागा सोळाव्या आठवड्याच्या डोसानंतर दोन आठवडे होईपर्यंत वर्ज्य. विजेच्या खांबापाशी नाक लावायला देणं म्हणजे तर सगळ्या पेठेतल्या कुत्र्यांशी एकाच वेळी गाठ.

शू-शीसाठी गच्चीचा किंवा बाल्कनीचा एक कोपरा ठरवा, ट्रेमध्ये वर्तमानपत्र किंवा नारळाचा भुसा घाला. तळमजल्याचं अंगण असलं तरी तिथे नको.

सिंहगडरोडकर

सगळ्यांचे मनापासून आभार. फिनेल बंद केलंय, हायपोक्लोराइट आणलंय. दोन शंका. पिल्लू आल्यावर आजाराची पहिली खूण कोणती, कशी ओळखायची? आणि ब्रीडरने कार्डाचा फोटो पाठवलाय : डीपीचं स्टिकर आहे, तारीख आहे, त्या दिवशी पिल्लू ३८ दिवसांचं होतं. सही आहे, नोंदणी क्रमांक नाही.

हडपसरचा_व्हेट

रक्ताची वाट बघू नका, ते उशिरा दिसतं. लागण झाल्यापासून तीन ते सात दिवसांत, कधी त्याहून उशिरा, लक्षणं सुरू होतात. आधी पिल्लू मलूल होतं. खाण्याच्या भांड्यापर्यंत येतं, वास घेतं आणि परत जाऊन झोपतं. मग उलट्या, आधी अन्न आणि नंतर फेस किंवा पिवळं पाणी. जुलाब त्यानंतर. एकदा चुकलेलं जेवण ठीक, पण जेवण चुकलं आणि एक उलटी झाली तर त्याच दिवशी दाखवा. गुदद्वारातून ताप बघायला शिका : १०१ ते १०२.५ फॅरनहाइट नेहमीचा. १०३ च्या वर गेला तर लगेच या. ९९ च्या खाली गेला तर त्याहून लवकर या, अंग गार पडणं जास्त वाईट. हिरडी बोटाने दाबून सोडा, पांढरी झालेली जागा दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवी.

दवाखान्यात आधी फोन करा. पिल्लू गाडीतच ठेवा, वेटिंगच्या बाकावर किंवा फरशीवर नको, तिथे लसीला आलेली पिल्लं बसलेली असतात. शीचा नमुना झिपच्या पिशवीत आणा. किट निगेटिव्ह आलं म्हणून निश्चिंत होऊ नका. सुरुवातीला आणि खूप पातळ जुलाबात विषाणू हुकतो, म्हणून रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजून घ्या. हा विषाणू आतड्याबरोबर अस्थिमज्जेवरही हल्ला करतो, त्यामुळे त्या झपाट्याने उतरतात. उलट, लस टोचल्यानंतर चार ते दहा दिवसांत किटवर फिकट रेघ येऊ शकते. ती दर वेळी आजाराचीच असते असं नाही.

विषाणू मारणारं रोजच्या वापरातलं औषध आपल्याकडे नाही. पिल्लू वाचतं ते शिरेतून दिलेल्या सलाईनवर, उलटी थांबवणाऱ्या औषधावर, साखर आणि पोटॅशियम सांभाळण्यावर. आतड्याचं अस्तर झडल्यामुळे जंतू रक्तात शिरतात, त्यासाठी अँटिबायोटिक. उपचार नाही केले तर दहातली नऊपर्यंत पिल्लं जातात. वेळेत भरती केलं तर दहातली आठ-नऊ वाचतात. घरी उलट्या चालू असताना दही-भात, डाळिंबाच्या सालीचा काढा, इलेक्ट्रॉल असं काहीही तोंडातून कोंबू नका, ते फुप्फुसात जातं. माणसांच्या जुलाब थांबवायच्या गोळ्या, पॅरासिटामॉल, ब्रुफेन तर नकोच नको. वाटेत पिल्लू लुळं पडलं तर हिरड्यांना बोटभर मध किंवा ग्लुकोज चोळा, एवढंच.

नाका-डोळ्यांतून घट्ट स्राव, खोकला आणि ताप असं एकत्र दिसलं तर डिस्टेंपरचाही विचार करायचा. तो विषाणू नाजूक आहे, ऊन आणि साध्या जंतुनाशकानेही मरतो, पण हवेतून जातो आणि बरं दिसणाऱ्या कुत्र्याला काही आठवड्यांनी झटके येऊ लागतात. लस तीच, त्यामुळे वेगळं काही करावं लागत नाही.

कार्डाबद्दल : ३८ दिवस म्हणजे साडेपाच आठवडे. तो डोस आईच्या प्रतिपिंडांनी खाल्ला असण्याची शक्यता बरीच आहे, त्यामुळे हिशेबात धरू नका. घरी येईल त्या आठवड्यात पुढचा डोस आणि तिथून दर तीन आठवड्यांनी सोळा पूर्ण होईपर्यंत. ब्रीडरकडून तीन गोष्टी लेखी मागा : डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक, जंताच्या औषधाचं नाव आणि तारखा, आईच्या शेवटच्या लसीची तारीख. स्टिकरवरचा बॅच नंबर आणि मुदत वाचता येईल असा जवळून फोटो घ्या. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला २०१७ च्या केंद्राच्या नियमांनीच मनाई आहे, तेव्हा ‘आधीच घेऊन जा, जागा नाही’ असं म्हणाला तर त्याला हे सांगा.

आल्यावर पहिले चौदा दिवस एकाच खोलीत, मांजरापासून वेगळं. तिथली विष्ठा लगेच उचला आणि रोज एकदा ताप लिहून ठेवा.